शंभराचे एकशे साठ

गोरखपूरहून निघालेली जीप सुनौलीला सोडते. तिथली कमान पायी ओलांडली की बेलहिया लागतं, म्हणजे नेपाळ. व्हिसा लागत नाही, पाट्या देवनागरीत असतात, समोरचा माणूस हिंदीत बोलतो. पहिल्याच टपरीवर चहा घेतला की दुकानदार विचारतो, "आयसी देंगे या एनसी?" आयसी म्हणजे भारतीय चलन आणि एनसी म्हणजे नेपाळी. तिथल्या वर्तमानपत्रांत आणि बँकांच्या कागदांत यांनाच भारु आणि नेरु म्हणतात. पैसे द्यायची वेळ येते तेव्हाच आपण दुसऱ्या देशात आलो आहोत हे अनेकांना पहिल्यांदा जाणवतं.

महाराष्ट्रातून नेपाळला जाणाऱ्यांची रीघ मोठी आहे. कुणी पशुपतिनाथ आणि मुक्तिनाथ करायला निघतं, कुणी पोखऱ्याला हिमशिखरं बघायला. नागपूर-विदर्भातले बौद्ध उपासक बोधगया, सारनाथ, कुशीनगर करत लुंबिनीला जातात. यातल्या बहुतेकांचा हा पहिला परदेशप्रवास असतो आणि त्यांना निघताना एकच सल्ला मिळतो, "तिकडे आपला रुपया चालतो, काळजी करू नका." सल्ला अर्धा खरा आहे. भारतीय रुपया नेपाळात घेतला जातो, पण तो नेपाळचा पैसा नाही. कुठली नोट घ्यायची, कुठली नाही, ती किती आत आणू द्यायची, हे तिथलं सरकार ठरवतं, आणि त्या निर्णयामागे त्या देशाच्या परकीय गंगाजळीचं मोठं गणित असतं. ते थोडं समजून घेतलं की खिशात काय ठेवायचं आणि काय घरी ठेवायचं, हे वेगळं सांगावं लागत नाही.

आधी दर. १०० भारतीय रुपयांचे १६० नेपाळी रुपये. फेब्रुवारी १९९३ पासून हा दर हललेला नाही. नेपाळ राष्ट्र बँक, म्हणजे त्यांची रिझर्व्ह बँक, रोज सगळ्या परकीय चलनांचे दर जाहीर करते. डॉलर, युरो, येन यांचे आकडे रोज बदलतात, पण भारतीय रुपयाच्या ओळीत खरेदी १६० आणि विक्री १६० रुपये १५ पैसे, हेच आकडे वर्षानुवर्षं छापले जातात. त्यामुळे "आज काय भाव चाललाय?" असा प्रश्नच इथे पडू नये. कुणी भाव पडल्याचं सांगून शंभराचे १५० देऊ लागला तर तो त्याचा स्वतःचा भाव आहे, बाजाराचा नव्हे. दहा हजार भारतीय रुपये शंभरास १५० या दराने बदलले तर हातात एक हजार नेपाळी रुपये कमी येतात, म्हणजे आपले ६२५ रुपये गेले. चार जणांच्या कुटुंबाचं एका वेळचं जेवण त्यात निघतं.

तोंडी हिशेबाची एक सोपी रीत आहे आणि ती निघण्याआधीच घोटून ठेवावी. भारतीय रकमेवरून नेपाळी काढायची असेल तर रकमेची दीडपट करा आणि मूळ रकमेचा दहावा भाग त्यात मिळवा. ३५० चे ५२५, अधिक ३५, झाले ५६०. उलट जायचं असेल तर नेपाळी रक्कम निम्मी करा आणि त्या निम्म्याचा चौथा भाग त्यात घाला. हॉटेलचं बिल २४०० आलं, तर निम्मे १२००, त्याचा चौथा भाग ३००, म्हणजे आपले १५०० रुपये. दोन-चार बिलं अशी सोडवली की हात बसतो आणि मोबाइल काढावा लागत नाही. भाव विचारताना मात्र "आयसी की एनसी?" हे प्रत्येक वेळी विचारून घ्या, विशेषतः सीमेजवळच्या गावांत, रिक्षा-टॅक्सीत आणि शाली-रुद्राक्षांच्या दुकानांत. तुम्ही भारतीय दिसलात की काही विक्रेते आपणहून भारतीय रुपयांत भाव सांगतात. त्यात खोटेपणा असतोच असं नाही, पण ८०० हा आकडा कुठल्या रुपयांत आहे हे ठरल्याशिवाय घासाघीस करण्यात अर्थ नसतो. नेपाळी ८०० म्हणजे आपले ५००.

हा दर इतकी वर्षं एका जागी कसा राहतो, हे मला या विषयातलं सर्वांत रंजक प्रकरण वाटतं. नेपाळ राष्ट्र बँकेची स्थापना १९५६ ची. त्याआधी आणि नंतरही काही वर्षं तराईच्या पट्ट्यात भारतीय रुपयाच व्यवहारात होता आणि दोन्ही चलनांचा बाजारभाव सतत वरखाली होई. १९६० मध्ये पहिल्यांदा दर बांधला गेला, तोही शंभरास १६०. पुढे ६ जून १९६६ रोजी भारताने रुपयाचं अवमूल्यन केलं. नेपाळने लगेच तसं केलं नाही, त्यामुळे एका फटक्यात शंभराचे जेमतेम १०१ मिळू लागले, दोन्ही रुपये जवळपास सारखे झाले. नेपाळी माल भारतात महाग पडू लागला. अखेर १९६७ च्या डिसेंबरात नेपाळने आपलं चलन उतरवलं आणि दर १३५ वर आला. नंतर तो पायरी-पायरीने चढत १९८५ मध्ये १७० पर्यंत गेला, मग थोडा उतरला आणि १९९३ ला पुन्हा १६० वर येऊन थांबला.

दर बांधला असं कागदावर लिहून तो बांधला जात नाही. कुणीही १६० नेपाळी रुपये घेऊन आला तर त्याला १०० भारतीय रुपये देण्याची ताकद मध्यवर्ती बँकेत असावी लागते. नेपाळ भारतातून फार मोठी आयात करतो. पेट्रोल आणि डिझेल, औषधं, गाड्या, धान्य, भाजीपाला, सगळं. मोतिहारीहून अमलेखगंजपर्यंत तेलाची पाइपलाइन २०१९ मध्ये सुरू झाली, तिच्यातून जाणाऱ्या प्रत्येक लिटरचे पैसे शेवटी भारतीय रुपयांत चुकवावे लागतात. उलट बाजूने भारतीय रुपया येतो तो पर्यटकांकडून, भारतात काम करणाऱ्या नेपाळी माणसांकडून, भारतीय सैन्यातून निवृत्त झालेल्या गोरखा सैनिकांच्या पेन्शनमधून, आणि अलीकडे पावसाळ्यात भारताला विकल्या जाणाऱ्या विजेतून. येणारा रुपया जाणाऱ्या रुपयाला पुरत नाही. ती तूट भरायला नेपाळ राष्ट्र बँक डॉलर विकून भारतीय रुपये विकत घेते. आणि ते डॉलर कुठले? बहुतांशी आखाती देशांत आणि मलेशियात राबणाऱ्या नेपाळी तरुणांनी घरी पाठवलेले. दोहा-दुबईच्या बांधकामावर गाळलेल्या घामाचे डॉलर होतात, डॉलरचे भारतीय रुपये होतात आणि त्या रुपयांनी काठमांडूच्या टॅक्सीत पेट्रोल पडतं. शंभरास १६० हा आकडा असा टिकून आहे.

यातून प्रवाशाने एक व्यवहारी धडा घ्यावा. नेपाळात भारतीय रुपया देणं सोपं, मिळवणं अवघड. भारतीय रुपया ही नेपाळसाठी जपून वापरायची परकीय गंगाजळी आहे, त्यामुळे तिथल्या बँका तो मागेल त्याला मागेल तेवढा देत नाहीत, त्यावर मर्यादा असतात. म्हणून सगळे पैसे पहिल्याच दिवशी नेपाळी करून टाकू नयेत. दोन-तीन दिवसांचा खर्च बदलावा, मग लागेल तसे पुढचे. बदलल्याची पावती जपून ठेवावी, कारण परतताना उरलेले नेपाळी रुपये पुन्हा भारतीय करून मागायचे तर पावती उपयोगी पडते. पैसे बदलून देणाऱ्या अधिकृत दुकानांवर "विदेशी मुद्रा सटही" अशी पाटी असते. सटही म्हणजे अदलाबदल.

आता नोटा. इथे सर्वांत जास्त गोंधळ होतो आणि त्याची कारणं इतिहासात आहेत. बनावट भारतीय नोटांच्या भीतीमुळे ५०० आणि १००० च्या नोटांवर नेपाळात पूर्वीही अनेक वर्षं बंदी होती. ती उठली आणि मोठ्या नोटांत २५,००० रुपयांपर्यंत रक्कम नेण्याची मुभा मिळाली, तोच ८ नोव्हेंबर २०१६ ची नोटबंदी आली. नेपाळातल्या लोकांच्या हातात, बँकांत आणि खुद्द नेपाळ राष्ट्र बँकेच्या तिजोरीत जुन्या ५००-१००० च्या नोटा अडकल्या. त्या बदलून मिळाव्यात म्हणून दोन्ही देशांत बोलणी होत राहिली, पण ज्यांनी विश्वासाने त्या नोटा घरात ठेवल्या होत्या त्यांना फटका बसलाच. भारतात आपण रांगेत उभं राहून नोटा बदलल्या. दार्चुला किंवा रोल्पाच्या डोंगरातल्या म्हातारीला रांगच नव्हती. त्यानंतर डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळने १०० रुपयांपेक्षा मोठी कुठलीही भारतीय नोट चालणार नाही असा निर्णय जाहीर केला, म्हणजे नव्या २००, ५०० आणि २००० च्या नोटा बाद. त्या निर्णयाकडे भारताविरुद्धची कुरापत म्हणून पाहणाऱ्यांनी २०१६ चा अनुभव विचारात घेतला नाही, असं मला वाटतं. शेजाऱ्याच्या नोटेवर एकदा पोळलेला देश सावध होणारच.

भारताच्या बाजूने परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखालचे नियम वेगळे आहेत. १०० रुपये आणि त्याखालच्या नोटा नेपाळ-भूतानला नेण्यावर रकमेची मर्यादा नाही. त्यावरच्या नोटा एकूण २५,००० रुपयांपर्यंत नेता येतात. म्हणजे एका सीमेवर जे चालतं ते दुसऱ्या सीमेवर चालेलच असं नाही. मोठ्या नोटांवरचा नेपाळचा निर्बंध सैल करण्याच्या दिशेने अलीकडे पावलं पडली आहेत, तेव्हा निघण्याच्या आठवड्यात नेपाळ राष्ट्र बँकेची ताजी सूचना पाहावी. सूचना काहीही असो, एक नोट आजवरच्या प्रत्येक नियमात बसली आहे. शंभराची. म्हणून निघण्याच्या चार-पाच दिवस आधी आपल्या बँकेत जाऊन शंभराच्या नोटांची बंडलं मागून घ्या. आयत्या वेळी एटीएमच्या ५०० च्या नोटांवर विसंबू नका. शंभराच्या शंभर नोटा म्हणजे दहा हजार, एका माणसाचे सुरुवातीचे दिवस त्यात भागतात. बंडल एका जागी ठेवू नये, घरातल्या दोन-तीन माणसांत वाटून घ्यावं. फाटकी, चिकटवलेली, लिहिलेली नोट नेपाळी दुकानदार घेत नाही आणि त्याचं बरोबर आहे, कारण ती बदलायला त्याच्या गावात रिझर्व्ह बँकेची शाखा नाही.

काहींना वाटतं, त्यापेक्षा डॉलर न्यावेत. नेपाळ आणि भूतानच्या प्रवासासाठी भारतीय नागरिकाला परकीय चलन देण्यास भारतीय नियमांतच मनाई आहे. बँक किंवा अधिकृत विनिमय केंद्र या दोन देशांसाठी डॉलर देत नाही, आणि सिंगापूर-युरोपला उपयोगी पडणारं फॉरेक्स कार्डही इथे कामाचं नाही. या दोन शेजाऱ्यांशी भारताचा व्यवहार रुपयांतच व्हावा, अशी ही जुनी रचना आहे.

नेपाळी नोटा ओळखायला मराठी माणसाला अडचण पडू नये. दर्शनी बाजूवरचे अंक आणि अक्षरं देवनागरीत असतात, काही अंकांचं वळण थोडं वेगळं एवढंच. राजेशाही गेल्यावर राजाच्या चित्राची जागा सगरमाथ्याने, म्हणजे एव्हरेस्टने घेतली. मागच्या बाजूला प्राणी आहेत. शंभराच्या नोटेवर गेंडा, पाचशेवर वाघ, हजारावर हत्ती, पन्नासवर हिमबिबट्या. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना हे प्राणी आधी दाखवा, मोठ्यांपेक्षा तीच लवकर शिकतात. हजाराची नोट घाईत शंभराची म्हणून देऊ नये यासाठी ही खूण खरोखर उपयोगी आहे. सुट्ट्या नोटा मात्र कायम जवळ हव्यात. बस, चहा, देवळातली दक्षिणा, सामान उचलणारा भरिया, या सगळ्यांना हजाराची नोट अडचणीची असते. दशैंच्या, म्हणजे आपल्या नवरात्र-दसऱ्याच्या दिवसांत घरोघरी टीका लावून दक्षिणा द्यायची रीत असल्याने कोऱ्या आणि लहान नोटांची मागणी फार वाढते, बँकांना लांब सुट्ट्या लागतात आणि गावोगावची दुकानंही बंद राहतात. त्या दिवसांत जाणार असाल तर रोख आधीच बदलून ठेवा. एरवीही शनिवार हा तिथला साप्ताहिक सुटीचा दिवस आहे, हे ध्यानात असावं.

गेल्या दोन-तीन वर्षांत चित्र बदललं ते यूपीआयमुळे. मार्च २०२४ पासून नेपाळी दुकानांतल्या फोनपे जाळ्याच्या क्यूआर कोडवर भारतीय यूपीआय अॅपने पैसे देता येतात. हे फोनपे नेपाळी कंपनीचं आहे, आपल्याकडच्या फोनपे अॅपशी त्याचा संबंध नाही, नावं तेवढी सारखी ऐकू येतात. आपल्या अॅपमध्ये परदेशातल्या व्यवहारांची सोय आधी चालू करावी लागते, ती निघण्यापूर्वी घरी बसूनच करा. कोड स्कॅन केला की नेपाळी रक्कम टाकायची, अॅप भारतीय रुपयांतली रक्कम दाखवतं, ती पाहून मगच पिन घालायचा. ही रक्कम शंभरास १६० च्या हिशेबाशी ताडून पाहण्याची सवय ठेवा, म्हणजे वरचं शुल्क किती लागलं ते लगेच कळतं.

या सोयीच्या मर्यादाही आहेत. पैसे फक्त दुकानदाराच्या कोडवर जातात, नेपाळातल्या कुणा व्यक्तीच्या खात्यात पाठवता येत नाहीत. टॅक्सीवाल्याने किंवा घोडेवाल्याने स्वतःच्या ई-सेवा किंवा खल्ती या नेपाळी पाकिटांचा कोड पुढे केला तर तिथे आपलं अॅप चालेल असं धरून चालू नका. इंटरनेट लागतंच. नेपाळी सिम घ्यायचं तर ते फोनच्या दुसऱ्या खाचेत घाला आणि भारतीय सिम जागेवरच राहू द्या. यूपीआय अॅप त्या सिमशी बांधलेलं असतं, ते काढलं तर परक्या गावात पुन्हा नोंदणी करत बसावं लागतं आणि बँकेचे संदेशही येत नाहीत. काठमांडू, पोखरा, भैरहवा, चितवन इथल्या हॉटेलांत आणि मोठ्या दुकानांत यूपीआयने बरंच काम होतं. पण पूर्ण सहल मोबाइलवर काढू, असं म्हणणाऱ्याला मी तरी जाऊ देणार नाही.

कार्डांबाबत थोडक्यात. ऑक्टोबर २०२० पासून नव्या कार्डांवर परदेशातला वापर मुळातच बंद असतो, तो अॅपमधून किंवा बँकेत सांगून चालू करावा लागतो. भारतीय बँकेच्या कार्डाने नेपाळी एटीएममधून नेपाळी रुपये निघतात, मात्र प्रत्येक वेळी तिथल्या बँकेचं शुल्क आणि अनेकदा आपल्या बँकेचंही शुल्क लागतं, म्हणून थोडे थोडे चारदा काढण्यापेक्षा एकदाच काढावेत. २०२२ च्या एप्रिलमध्ये नेपाळात रुपे कार्डही सुरू झालं आहे. दुकानात कार्डाने पैसे देताना काही टक्के जादा मागितले जातात, ते आधी विचारा. यंत्राने भारतीय रुपये की नेपाळी, असं विचारलं तर नेपाळी निवडा, म्हणजे दुसऱ्याने ठरवलेला दर माथी बसत नाही.

एक गोष्ट भारतीय प्रवाशांना बहुधा कुणी सांगत नाही. नेपाळात कित्येक ठिकाणी तीन दर असतात. नेपाळी नागरिकांचा एक, भारत आणि इतर सार्क देशांतल्या लोकांचा दुसरा आणि बाकी परदेशीयांचा तिसरा. पोखऱ्याहून मुक्तिनाथच्या वाटेवरच्या जोमसोमला जाणाऱ्या छोट्या विमानाचं भाडं नेपाळी माणसाला नेपाळी रुपयांत, आपल्याला भारतीय रुपयांत आणि युरोपीय माणसाला डॉलरमध्ये सांगितलं जातं. मुक्तिनाथ ज्या अन्नपूर्णा संरक्षित क्षेत्रात येतं, तिथल्या प्रवेशाला सार्क देशांच्या नागरिकांना १००० नेपाळी रुपये लागतात, इतर परदेशीयांना ३०००. काठमांडूच्या पशुपतिनाथाला भारतीयांना प्रवेशशुल्क नाही. ही सवलत घ्यायची तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हाताशी हवं, हॉटेलच्या खोलीत ठेवून भागत नाही.

आणि डोंगर. पोखऱ्यापर्यंत सगळं सुरळीत चालतं म्हणून मुक्तिनाथला जाणारे निर्धास्त होतात. वरचा रस्ता पावसात तुटतो, वाऱ्यामुळे जोमसोमचं विमान रद्द होतं, वीज जाते आणि विजेबरोबर एटीएम, नेटवर्क, क्यूआर सगळंच थांबतं. एक-दोन दिवस जास्त राहावं लागणं ही तिकडची रोजची गोष्ट आहे. ज्येष्ठ नागरिक बरोबर असतील तर माणशी दोन दिवसांचं राहणं, जेवण आणि जीपभाडं निघेल एवढी नेपाळी रोख पोखऱ्यातच वेगळी बांधून ठेवा आणि खरोखर अडल्याशिवाय तिला हात लावू नका.

भूतानमध्ये हिशेब आणखी सोपा. १९७४ पासून चालणारं त्यांचं नगुल्ट्रम हे चलन भारतीय रुपयाशी एकास एक आहे आणि भारतीय नोटा तिथे सर्रास घेतल्या जातात. जुलै २०२१ मध्ये भूतानमध्ये भीम-यूपीआय सुरू झालं, आपल्या क्यूआर पद्धतीचा स्वीकार करणारा तो पहिला देश. तिथे खर्चाचा मोठा भाग वेगळाच असतो. सप्टेंबर २०२२ पासून भारतीय पर्यटकाला माणशी रोज रात्रीचे १२०० रुपये शाश्वत विकास शुल्क भरावं लागतं, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना निम्मं. पाच रात्रींचे चार प्रौढांचे २४,००० रुपये आधीच बाजूला काढावे लागतात. सुटे म्हणून मिळालेली नगुल्ट्रम फुन्शोलिंगच्या वेशीपूर्वीच खर्च करा. सीमेवरच्या जयगावात ती घेतात, पुढे भारतात कुणी घेत नाही. २०१२ मध्ये भूतानला भारतीय रुपयांची तीव्र टंचाई भासली होती आणि आयातीवर, कर्जांवर निर्बंध आणावे लागले होते. एकास एक दरामागेही अशी ओढाताण असते. श्रीलंकेतही फेब्रुवारी २०२४ पासून यूपीआय चालतं, पण तिथला दर बाजारावर ठरतो, त्यामुळे तोंडी हिशेबाची सोय तिथे नाही.

परतीच्या वाटेवर नेपाळी नोटा भैरहवा किंवा बेलहियातच बदलून घ्या. गोरखपूर स्टेशनवर त्या घेणारं सहज भेटत नाही आणि मुंबई-पुण्यात तर नाहीच.

हे सगळं लिहिताना ज्यांना हे नियम वर्षानुवर्षं सोसावे लागले त्या माणसांचा विचार मनातून जात नाही. मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांच्या दारांवर, हॉटेलांच्या भटारखान्यांत, रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या हापूसच्या बागांत आणि कोकणच्या मच्छीमार बोटींवर हजारो नेपाळी माणसं राबतात. पर्यटकाला शंभराच्या नोटांची अट चार दिवस त्रासदायक वाटते. हंगामाची सगळी कमाई कमरेला बांधून दोन-तीन दिवस रेल्वेने आणि बसने घरी जाणाऱ्या माणसाला तीच अट जिवावरची होते. पाचशेच्या नोटा सीमेवर पकडल्या जातील ही भीती, शंभराच्या कराव्यात तर गठ्ठा दिसेल आणि चोर मागे लागतील ही भीती. २०१६ च्या नोटबंदीत घरी नेलेली कमाई ज्यांच्या पेटीत कागद होऊन पडली, त्यांत ही माणसं होती.

त्यांच्यासाठी एक वाट आहे आणि ती फार कमी लोकांना ठाऊक आहे. भारतातल्या एनईएफटीची सोय असलेल्या कुठल्याही बँक शाखेतून नेपाळला पैसे पाठवण्याची भारत-नेपाळ प्रेषण योजना रिझर्व्ह बँकेने २००८ मध्ये सुरू केली. पैसे नेपाळ एसबीआय बँकेच्या खात्यात जमा होतात, किंवा घरच्या माणसाला गावाजवळच्या एजंटाकडून रोख मिळतात. ज्याचं भारतात खातं नाही तोही ओळखपत्र दाखवून ५०,००० रुपयांपर्यंत पाठवू शकतो. खात्यातून पाठवण्याची मर्यादा २०२१ मध्ये २ लाखांपर्यंत वाढवली गेली. नेपाळी नागरिकाला भारतात बँक खातंही उघडता येतं, अडतं ते बहुधा पत्त्याच्या पुराव्यापाशी. सोसायटीच्या सेक्रेटरीने, बागायतदाराने, हॉटेलमालकाने एक पत्र दिलं आणि अर्धा दिवस काढून त्याच्याबरोबर बँकेत गेलं, तर तो अडथळा दूर होऊ शकतो. नेपाळची सहल आखत असाल, तर निघण्याआधी आपल्या दारावरच्या रखवालदाराला विचारा, तो घरी पैसे कसे पाठवतो. अजूनही कमरेला बांधून नेत असेल, तर ही योजना त्याला समजावून सांगा आणि पहिल्या वेळी त्याच्यासोबत बँकेत जा.